मला न बुजवण्याबाबत

विषय: वसाहत व बाजारगल्ली यांमधील भिंतीस पडलेले भगदाड न बुजवता त्या जागी दरवाजा करून मिळण्याबाबत.

संदर्भ: एकशे बारा घरांचा अर्ज, त्यास आलेले उत्तर आणि ते उत्तर ऐकून अक्कांनी काढलेले उद्गार. (उद्गार सोबत जोडलेले नाहीत.)

उपरोक्त विषयी मी, म्हणजे ते भगदाड, स्वतःच बोलतोय. इतकी वर्षं माझ्याबद्दल सगळे बोलले, माझ्यातून सगळे गेले, मला मात्र कोणी काही विचारलं नाही. आज राहवत नाही. माझ्या आयुष्यात एवढी धामधूम याआधी कधी झाली नव्हती.

मी जन्मलो तो एका ट्रकच्या कृपेनं. भिंतीपलीकडे तेव्हा एक गोदाम होतं. ट्रक मागे येत होता आणि क्लीनर हात हलवत ओरडत होता, "येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे." ट्रक आला. क्लीनर वेळेवर बाजूला झाला, भिंतीला तेवढं जमलं नाही. माझ्या कानावर पडलेले पहिले शब्द ते, आणि तेच मी पुढे धोरण म्हणून स्वीकारलं. जो येईल त्याला येऊ दिलं.

पुढे गोदाम बंद पडलं, मालक गेला, छप्परसुद्धा कोणीतरी नेलं, आणि बाजारगल्लीपर्यंत मोकळी जागा झाली. भिंत तेवढी राहिली, कारण ती पाडावी असा अर्ज कोणी केला नव्हता.

माझ्याआधी वसाहतीची काय दशा होती ते ऐकण्यासारखं आहे. गच्चीवरून भाजीवाल्याची पाटी वाचता यायची. भाव ओरडलेले ऐकू यायचे. पण दोन बटाटे हवे असले, तर मागच्या फाटकातून बाहेर पडायचं, मोठ्या रस्त्यानं पुलापर्यंत जायचं, पूल चढायचा, उतरायचा आणि पलीकडून तेवढंच परत मागे यायचं. चहाचं आधण ठेवल्यावर साखर संपलेली कळली, तर आधण उतरवून ठेवण्यावाचून इलाज नसे. ताजी पालेभाजी घरी येईपर्यंत मान टाकायची, आणणाराही टाकायचा. पाहुणे आले की आधी डबे उघडून बघायचे आणि मग हसायचं, अशी तिथली रीत होती.

मी आलो आणि बाजार पाच मिनिटांवर आला. लोक अंडी आणायला गेले की अंडीच आणू लागले, आठवड्याचा संसार पाठीवर आणेनात. सुरुवातीला माझ्या कडा फार धारदार होत्या. तिसऱ्या गल्लीतल्या गवंड्यानं एका रविवारी, कोणी न सांगता, त्या घासून दिल्या. पायाखाली कोणीतरी फरशीचा तुकडा बसवला. एक लोखंडी सळई डोक्याच्या उंचीवर बाहेर आली होती, तिला शिंपीणकाकूंनी चिंध्यांचे सात थर देऊन, टाचून, वरून फुलाफुलांची खोळ चढवली. इतका थाट कुठल्या दरवाजाच्या वाट्याला येत नसेल.

माणसं माझ्यातून कशी जातात याचा माझा अभ्यास दांडगा आहे. पोट असलेले तिरके होतात आणि मलाच अरुंद म्हणतात. बुटके उगाच वाकतात. जाताना "नुसता बघून येतो" म्हणणाऱ्याची पिशवी येताना हमखास भरलेली असते. आणि नवरा-बायकोचं भांडण नेमकं माझ्या तोंडाशी थांबतं, कारण एका वेळी एकालाच जाता येतं.

पण माझा खरा जीव अक्कांवर. अक्का म्हणजे शिंपीणकाकूंच्या सासूबाई. वय एक्क्याऐंशी, दोन्ही गुडघे रजेवर, जीभ मात्र पूर्णवेळ कामावर. रोज सकाळी एक हात काठीवर आणि दुसरा माझ्या कडेवर टेकून त्या बाजाराला जातात. दोन लिंबं, चार मिरच्या, कधी पावशेर घेवडा. त्यासाठी अर्धा तास भाजीवाल्याशी हुज्जत.

"अक्का, मी घरी पाठवून देईन हो," भाजीवाला म्हणतो.

"पाठवशील रे, पण निवडून पाठवशील का? किडकी सगळी माझ्या माथी मारशील. मला माझ्या डोळ्यांनी बघू दे."

खरी गोष्ट अशी, की दिवसभरात अक्का घराबाहेर पडतात त्या तेवढ्याच. तो अर्धा तास गेला, तर उरते ती खिडकीजवळची खाट आणि सुनेच्या मशीनची घरघर. हे त्या कोणाजवळ बोलत नाहीत. मला टेकून श्वास घेताना एकदा पुटपुटल्या होत्या.

मग पालिकेच्या कचेरीची नोटीस लागली. "भिंत धोकादायक झाली असल्याने भगदाड बुजवण्यात येईल." वसाहत हादरली. एकशे बारा घरांनी सह्या करून अर्ज दिला: बुजवू नका, दरवाजा करा. कचेरीनं अंतर मोजायला एक मोजणीदार पाठवला. त्याच्याकडे लांब दांड्याचं एक चाक होतं. ते जमिनीवरून ढकलत चालायचं, मीटर आपोआप मोजले जातात. माझी मोजणी होणार या कल्पनेनंच मी फुगलो. भगदाडाला जितकं फुगता येतं तितका.

आणि इथे अक्कांनी घोटाळा केला. ऊन मी म्हणत होतं, मोजणीदार घामाघूम. अक्कांना दया आली.

"लांबून कशाला जाता? इथून या की. बघा तरी बाजार किती जवळ आहे."

त्यांनी मोठ्या अभिमानानं त्याला माझ्यातून पलीकडे नेलं. चाक माझ्या फरशीवरून टक्क करून गेलं. मीही अंग चोरून वाट दिली. आठ दिवसांनी उत्तर आलं: "बाजार वसाहतीपासून एकशे नव्वद मीटरवर, पायी पाच मिनिटांवर आहे. सबब दरवाजाची आवश्यकता दिसून येत नाही. भगदाड बुजवावे." माझ्यातून मोजल्यामुळे अंतर कमी, आणि अंतर कमी म्हणून माझी गरज नाही. दुसऱ्याच दिवशी विटा येऊन पडल्या.

घरात काय झालं ते शिंपीणकाकूंनीच माझ्याजवळ उभं राहून शेजारणीला सांगितलं. "जेवल्या नाहीत दोन वेळा. म्हणतात, माझ्या हातानं बुजवलं मी ते."

तिसऱ्या दिवशी अक्का उठल्या आणि वसाहतीच्या पोराटोरांकडून मोजणीदाराला बोलावणं धाडलं. तो बिचारा आला. भला माणूस होता.

"आजी, चूक माझीच. आता रस्त्यानं मोजतो. वेळेचा रकाना पण नव्यानं भरतो."

"वेळ कोणाच्या पायांनी धरणार?"

"माझ्याच."

"तुमच्या पायांनी बाजार कुठं करायचाय मला? माझ्या पायांनी मोजा."

"आई, पूल आहे मध्ये," शिंपीणकाकू म्हणाल्या. "गुडघ्यांचं काय?"

"गुडघे येतील मागून. तू पाण्याची बाटली घे."

आणि त्या निघाल्या. पुढे चाक, मध्ये अक्का, मागे बाटली घेऊन सून. सव्वानऊ वाजले होते. मला जागचं हलता येत नाही, मी फक्त दोन्हीकडे बघू शकतो. इकडे अर्धी वसाहत माझ्याभोवती जमली. कोणी गच्चीवर चढलं. वरून बातम्या येऊ लागल्या: फाटक ओलांडलं. कोपऱ्यावर बसल्या. उठल्या. पुलाच्या पायथ्याशी आहेत. मग बराच वेळ बातमी नाही. गवंडी नुसता विटांवर बसून काडीनं माती उकरत होता. भाजीवाला दुकान सोडून माझ्या पलीकडच्या तोंडाशी येऊन उभा राहिला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी पलीकडून काठीचा आवाज आला.

भाजीवाल्यानं लगबगीनं खोकं पालथं घातलं. अक्का बसल्या, पाणी प्यायल्या. मोजणीदारानं चाकावरचा आकडा वाचला: दोन हजार सहाशे चाळीस मीटर. वेळ: एक तास पंचावन्न मिनिटं. कागदावर लिहिलं आणि अक्कांना दाखवलं. अक्कांनी तो दूर धरून वाचला, मान हलवली आणि भाजीवाल्याकडे वळल्या.

"घेवडा दाखव. कालचा नको."

पावशेर घेवडा निवडून त्या माझ्यापाशी आल्या. कडेवर हात टेकला. "येऊ द्या, येऊ द्या," इकडून कोणीतरी म्हणालं. पाच मिनिटांत अक्का घरी.

सद्यःस्थिती पुढीलप्रमाणे. सुधारित मोजणी जोडून नवा अर्ज दाखल केला आहे. पोच मिळाली आहे. विटा अजून माझ्या शेजारीच आहेत. त्यांतल्या काही कुंड्यांखाली गेल्या, उरलेल्यांवर गवंड्यानं जाड फळी टाकली आहे, बाजारातून येताना अक्का त्यावर घटकाभर टेकतात. मी उघडा आहे. अर्ज विचाराधीन आहे.