घराएवढा नकाशा

तानुबाईच्या स्वयंपाकघरात इतका धूर असायचा की पांढरी मांजर आत गेली की काळी होऊन बाहेर यायची आणि तिचीच पिल्लं तिला ओळखायची नाहीत. तिचा नवरा लिंबाजी एकदा आठ दिवस परगावी होता. तो घरात नाही हे तानुबाईला नवव्या दिवशी कळलं.

हसा खुशाल. पण बाईचा उजवा डोळा त्या धुरानंच नेला होता, आणि चैतात सून नांदायला येणार होती.

"माझा एक गेला तो गेला," ती म्हणायची, "पण लेकराचे दोन जाऊ देणार न्हाई."

काम केवढं? माळवदाला सवणं पाडायचं. चुलीच्या बरोबर वर हातभर भोक; धूर बाहेर, उजेड आत. पण घर होतं चावडीला लागून. पाटील अडून बसले, "सरकारी भिंतीशेजारी भोक? अगोदर कचेरीची इजाजत आण."

आमचं गाव चारठाण्याच्या पल्याड, राज्य निजामाचं. तालुक्याच्या कचेरीत अर्ज घ्यायला एक पेशकार बसायचा. त्यानं तिला चार खेपा परत पाठवलं. पाचव्या खेपेला म्हणाला, "नकाशा कुठाय? घराबरहुकूम पाहिजे. बोटभर फरक पडला तर अर्ज खारीज."

"बोटभर बी चालायचा न्हाई?"

"बोटभर बी न्हाई."

तानुबाई घरी आली. दोरीला गाठी मारून तिनं अख्खं माळवद मोजलं. गल्लीतल्या बायकांकडून एकवीस जुनी लुगडी आणून एकाला एक शिवली. काजळी तेलात कालवून त्यावर भिंती काढल्या, दारं काढली, उतरंडसुद्धा काढली. चुलीच्या जागी एक काळा गोल.

"अगं, एवढा मोठा नकाशा?" लिंबाजी चाचरला.

"घर एवढंच हाय ना? मग. धरा तिकडून."

गाडी मी हाकली. माझे बैल त्या वजनानं उतारालासुद्धा धापा टाकत होते.

कचेरी चौकाची. मधे उघडा चौक, चहूकडं पडव्या, आणि उजेड येणार तो चौकातूनच. पेशकार मान वर न करता म्हणाला, "आणलास? दाखव उलगडून."

चौकात माणसांची ही दाटी. मग दोघं नवराबायको गेले छतावर आणि नकाशा चौकावरूनच ताणला. चारी कडांवर धोंडे. बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही. आणि काळा गोल तिनं नेमका चौकातल्या शेगडीच्या वर आणला.

थंडीचे दिवस, शेगडीत ओली बाभूळ. खाली काळोख झाला. पेशकाराची दाढी दिसेनाशी झाली, मग पेशकार दिसेनासा झाला. तहसीलदारसाहेब खोकत ओरडले, "अंधेरा किसने किया?"

"नकाशा हाय सरकार!" वरून आवाज आला. "घराबरहुकूम!"

"काढ तो!"

"काढते की. आधी इजाजत द्या."

साहेबांनी लेखणी तासायचा चाकू काठीला बांधला आणि शेगडीशेजारी उभं राहून वर खुपसला. चर्रर्र! हातभर फाटलं. धूर वर गेला, उन्हाचा कवडसा खाली आला. त्या भोकाला तानुबाईनं वरून डावा डोळा लावला.

"सरकार, बरं वाटलं का?"

साहेबांनी डोळे पुसले. "हां... बरं वाटलं."

"हेच मागायला आले मी पाच खेपा."

मग साहेब पेशकाराला म्हणाले, "मोहोर आण." ती लुगड्यावरच उमटवली.

चैतात सून आली ती उजेडात. धूर मात्र सवण्यातून निघून सरळ चावडीत जायचा. पाटील डोळे चोळत कचेरीत तक्रार घेऊन गेले. पेशकार म्हणाला, "धुराचा नकाशा आणा. बोटभर फरक चालणार न्हाई."

पाटील दुसऱ्या दिवशी सकाळी धूर मोजायला माळवदावर चढले, तेव्हा तानुबाईनं सवण्यातून हात वर काढला आणि त्यांना आपली गाठी मारलेली दोरी दिली.