आज नाव दिसणार आहे

चाळीस जणांच्या वर्गातून निदान बत्तीस उत्तरं भिंतीवरच्या पडद्यावर यायला हवी होती. तेवढी आली तर मला पुढचं सत्र मिळणार, नाहीतर मी घरी. विभागप्रमुख सर मांडीवर फॉर्म घेऊन शेवटच्या बाकावर तेच मोजायला बसले होते.

मला काळजी नव्हती. तीस वर्षं पहिली-दुसरीची पोरं शिकवून मी विद्यापीठात शैक्षणिक इंग्रजी शिकवायला आले, तेव्हा इथली मुलं तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची. मग मोबाइलवरून उत्तरं पाठवायची सोय आली. वाक्य पडद्यावर दिसतं, लिहिणाऱ्याचं नाव दिसत नाही. नाव कधीच दिसणार नाही, असा शब्द मी पहिल्याच दिवशी दिला होता. त्या शब्दावर सगळे लिहू लागले.

आज एका वाक्यात ठाम मत मांडायचं होतं. माझ्या टेबलावरच्या संगणकावर आकडा चढत अडतीसवर गेला. आता फक्त 'दाखवा' दाबायचं. तेवढ्यात माझं लक्ष गेलं. प्रत्येक वाक्यापुढे नाव होतं.

सरांच्या सांगण्यावरून आज मी विभागाचं खातं उघडलं होतं. तिथे नावं झाकलेली नव्हती, आणि एकदा फेरी सुरू झाली की ती झाकता येत नव्हती. माझ्या खात्यातून पुन्हा सुरुवात करावी, तर विभागाच्या खात्याबाहेरचा आकडा सर धरणार नव्हते.

"दाखवा की, मॅडम," रेडिओ म्हणाला. हा पोरगा सतत वाजतो, म्हणून वर्गानेच ठेवलेलं नाव. "आमची वाक्यं वाट बघून म्हातारी झाली."

सगळे हसले.

"आज नाव दिसणार आहे," मी म्हणाले. "चूक माझी, आधी बघायला हवं होतं. ज्याला नको असेल त्याने वाक्य मागे घ्यावं. दोन मिनिटं देते."

हसू विरलं. माना खाली गेल्या. चौतीस. सव्वीस. चौदा. सरांनी चष्मा काढून पुसला. नऊ. सहा.

आकडा सहावर थांबला. मी दाबलं.

तिसरं वाक्य मावशींचं निघालं. कारखान्यातली नोकरी सोडून शिकायला आलेल्या, बाकीच्यांच्या आईच्या वयाच्या. वर्षभरात वर्गात एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी इंग्रजीत लिहिलं होतं, रात्रपाळी करणारी सगळी माणसं लवकर मरतात.

"सगळी?" रेडिओ म्हणाला. "मावशी, किती माणसं मोजलीत?"

"एक. माझा नवरा."

रेडिओने मोबाइल बाकावर उलटा ठेवला.

"पुढे विचारू का, मावशी?" मी म्हणाले.

"विचारा. मागे घ्यायचं असतं तर घेतलं असतं."

मी वर्गाकडे वळले. "हा एक माणूस खरा आहे. पण 'सगळी' म्हणायला तो पुरत नाही. मग काय लिहायचं?"

"काही जणांच्या तब्येतीवर परिणाम होऊ शकतो, असं," रेडिओ हळू म्हणाला. "आणि ज्यांनी खरंच मोजलंय, त्यांचा दाखला."

"आणि ह्यांना कुठे ठेवू?" मावशींनी विचारलं.

रेडिओने माझ्याकडे बघितलं, मी वर्गाकडे.

"सुरुवातीला," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. वाक्य मागे घेणाऱ्यांत तीही होती. "हा प्रश्न तुम्हाला का पडला, ते सांगताना."

मावशी वहीत लिहू लागल्या. त्या मुलीने मोबाइल उचलला आणि आपलं वाक्य परत पाठवलं, नावासकट. सात. मग अकरा. मग अठरा. मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. वाक्यांतले 'सगळी', 'नेहमी' असले शब्द काढायची आमची घाई चालली होती आणि सर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. तास संपला तेव्हा आकडा एकोणतीस होता.

मुलं बाहेर गेल्यावर सर टेबलाशी आले. "तीन कमी पडली, मॅडम. काही न बोलता दाखवून टाकलं असतंत, तर अडतीस होती."

"होती."

"मला एकोणतीसच लिहावं लागेल."

"एकोणतीसच लिहा."

त्यांनी लिहिलं. मी खाली सही केली. मावशी वही उघडी धरून दारात घुटमळत होत्या, दुसऱ्या वाक्याशी अडल्या होत्या. मी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.