जिजाने वाढलेलं ताट

"थांब गं, आदी चष्मा पुसतो," पदू म्हणाला. डेअरीत दूध घालून तो नुकताच परतला होता.

रियाने लॅपटॉप पाटावर ठेवला. सव्वीस वर्षांपूर्वीचा एक पिक्चर साफसूफ करून पुन्हा दाखवायचं काम तिच्याकडे होतं. त्यात छोटं काम केलेल्या पदूच्या बायकोला, जिजाला, बोलावणं द्यायला ती मुंबईहून कडाव गावी आली होती. जिजा जाऊन आठ महिने झाले, हे तिला ओटीवर आल्यावर कळलं.

"काका, दोन पुरुषांचं प्रेम इतकं सरळ आपल्याकडे तोवर कोणी दाखवलं नव्हतं. लोक अजून त्यावर लिहितात. आणि सगळे बोलतात ते काकूंच्या ताटाबद्दल."

ते ताट पदूच्या डोळ्यांदेखत वाढलेलं. शूटिंग याच घरात झालं. जिजाने पिक्चरमधल्या त्या दोघांना वाढायचं आणि आत जायचं, एवढंच ठरलं होतं. तिने दुसरं ताट बाजूला सारलं आणि नव्या नवरानवरीला वाढतात तसं दोघांना एकाच ताटात वाढलं. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मग डेअरीवर गावातल्या लडकूने पिच्छा पुरवला. "पदू, तुजी बायको पोरापोरांची लग्नं लावते म्हनं! मांडव कदी घालतो?"

पिक्चर मुंबईला लागला तेव्हा पदू-जिजाला बोलावणं आलं. जिजाने निळी साडी काढून ठेवली.

"नाय जायाचं," पदू म्हणाला.

तिने साडी परत ट्रंकेत ठेवली. पुन्हा कधी विषय काढला नाही.

"यात तिचा आवाज हाय ना?" पदूने आता लॅपटॉपकडे बघत विचारलं. घरात तिचे दोन फोटो होते. आवाज कुठेच नव्हता.

"आहे की. एक वाक्य आहे."

रियाने तो प्रसंग लावला. पडद्यावर जिजा आली. तरणी, गालाला पीठ लागलेलं. तिने ताट ठेवलं, ओठ हलले. "सावकाश जेवा. इथे कोणी पाहत नाही."

पदू दचकला. "ही कोन बया?"

रियाने पिक्चर थांबवला. म्हणाली, "काका, आवाज नंतर मुंबईत भरले होते. दुसऱ्या कुणाचा असेल."

"तिचा ठेवला नाय कुटं?"

"नाही, काका."

गोठ्यात म्हशीने दावं ओढलं. पदूने चष्मा पुन्हा पुसला.

"परत लाव. आवाज बंद कर."

जिजा पुन्हा आली, वाकली. तिचे ओठ हलले तसा पदू हळूच बोलला, "सावकाश जेवा रं पोरांनो. हितं कोन बघत नाय."

पदर सारखा करून ती आत गेली. दार तेच होतं, याच घरातलं. पदूने मान वळवून तिकडे पाहिलं.