माफी मागितली की बाद

शिल्पा रिकामी सिरिंज घेऊन झपाझप चालत आली. खेळात ती घाईतला डॉक्टर झाली होती, आणि खडूच्या रेघेवर पोचायच्या आत मंजूषानं तिला थांबवायचं होतं.

"सॉरी सर, म्हणजे... जरा..."

"बाद!" अख्खा वर्ग ओरडला.

अपर्णा मॅडम हसल्या नाहीत. हिंदी मुलखातल्या साकेत नगरच्या नर्सिंग कॉलेजात हा खेळ त्यांनीच सुरू केला होता. आवाज चढवायचा नाही आणि माफी मागायची नाही, एवढाच नियम.

"शंका आली की विचारायचं, मंजूषा. भांडू नकोस, पण गिळूनही टाकू नकोस."

मंजूषानं मान डोलावली. घरी बाबांनी नुसतं वर पाहिलं तरी तिच्या हातातली आमटीची वाटी हिंदकळायची.

पुढच्याच आठवड्यात तिची आणि शिल्पाची हाडांच्या वॉर्डात ड्यूटी लागली. तिथं दोन सुशीलाबाई होत्या, एक खिडकीजवळ, एक दारापाशी. दोघींचेही गुडघे गेलेले. मोठे डॉक्टर गुडघ्यात द्यायचं इंजेक्शन घेऊन खिडकीकडे वळले आणि ट्रे धरून मागे चाललेली मंजूषा थबकली. इंजेक्शन दारापाशीच्या बाईंना, असं तिनं काल ऐकलं होतं. की उलट? सुई गुडघ्याजवळ आली.

"सर, एक मिनट. नाम एक बार देख लीजिए."

आवाज आपलाच होता, हे तिला बोलून झाल्यावर कळलं.

डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग बाईंच्या मनगटावरची पट्टी वाचली, केसपेपर उलटला.

"सही है. यही पेशंट है."

मागे शिल्पाला हसू आवरेना. सिस्टरनी डोळे वटारले. मंजूषाचे कान तापले, डोळ्यांत पाणी आलं. ओठावर आलेलं 'सॉरी' तिनं दातांखाली दाबून धरलं. आता तक्रार जाणार, घरी कळणार.

डॉक्टरांनी पुन्हा सुई उचलली. तेवढ्यात खिडकीजवळच्या सुशीलाबाईंनी आपला गुडघा दोन्ही हातांनी झाकला. नागपूरकडच्या त्या बाई भरती झाल्यापासून 'हो जी' पलीकडे काही बोलल्या नव्हत्या.

"डॉक्टरसाहब, मेरेको भी एक पूछना है," त्या म्हणाल्या. "ये सुई कायकी है? किसीने बतायाच नहीं. बहुत डर लगता है मेरेको."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग बाईंच्या हातांकडे. सिरिंज मंजूषाच्या हातातल्या ट्रेमध्ये परत ठेवली आणि पायानंच स्टूल ओढून घेतलं.

"पूछिए, माताजी."

मंजूषानं ट्रे छातीजवळ घट्ट धरला. दारापाशीच्या सुशीलाबाई ऐकू यावं म्हणून कोपरावर जोर देत उठून बसल्या.