चालू स्थितीतली मोटर

जीप ढकलायची कुणी, यावरून चौकीतल्या दोन पोलिसांचं रोज सकाळी वाजायचं आणि रोज शेवटी हवालदारच ढकलायचा. जीपचा स्टार्टर केव्हाच मेला होता, आणि साहेबांकडं दुसरा मागून मागून हवालदाराची जीभ झिजली होती. स्टिअरिंगवर बसायचा तो नवा शिपाई. डोळ्यांवरचा काळा चष्मा तो सावलीतही काढत नसे, म्हणून अख्खं गाव त्याला हिरो म्हणायचं. त्यालाही ते आवडायचं.

"काका, जोर लावा! पाठलागाच्या वेळी असं रेंगाळून चालायचं नाही."

"कुणाचा पाठलाग रे बाबा? सगळी नोकरी गेली, मी कुणाच्या मागं धावलो नाही. ज्याला धरायचं तो संध्याकाळी घरी जेवायला येतोच की."

हिरो शहरात वाढलेला. सिनेमातली मारामारी बघून पोलीस झालेला, आणि ते सांगायला त्याला लाजही वाटत नसे. त्या सिनेमांत म्हणे पोलिसांची जोडी असते. एक तापट, एक थंड. सुरुवातीला एकमेकांचं तोंड बघवत नाही, शेवटी पाठीला पाठ लावून लढतात.

"आपलं अगदी तसंच आहे काका. शेवटी जमतं."

"अन् शेवट कधी येतो?"

"अडीच तासांनी. फक्त त्यातल्या म्हाताऱ्याला निवृत्तीच्या आदल्या दिवशी गोळी लागते."

"शुभ बोल रे नाऱ्या!" हवालदार म्हणाला. त्याच्या निवृत्तीला फार दिवस राहिले नव्हते, आणि ते दिवस या पोरासोबत काढायचे म्हणजे आडात उडी टाकण्यातलाच प्रकार होता.

त्या दिवशी जीप सुरू व्हायच्या आतच हवालदाराची थोरली बहीण समोर येऊन उभी राहिली. अनवाणी, पदर कमरेला खोचलेला, शेतातून तरातरा चालत आलेली.

"ढकला! जीपच ढकला तुम्ही!" ती ओरडली. "इकडं माझी मोटर गेली विहिरीवरनं. पाइप कापला, नट खोलले, अन् गेली. पोलिसाची बहीण मी! चोराला जरासुद्धा भीती वाटू नये?"

हवालदाराचं तोंड उतरलं. तिची मिरची फुलावर आली होती. नवरा गेल्यापासून ताईनं ते रान एकटीनं सांभाळलं होतं. एकेक रोप तिनं गुडघ्यांवर बसून लावलेलं त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. ऊन तर असं पडत होतं की सकाळी ओली केलेली माती दुपारी हाताला चटका देई. दोन-चार दिवस पाणी तुटलं, की फूल गळणार आणि रोपं माना टाकणार. वर्षाची कमाई त्या मिरचीतच होती.

"ताई, तू घरी जा. उद्यापर्यंत मोटर विहिरीवर असेल," तो म्हणाला.

"बघू," ती म्हणाली. तिचा विश्वास दिसत नव्हता.

मोटर कुठं गेली असेल हे हवालदाराला चोराइतकंच ठाऊक होतं. मोटरीतलं तांबं विकायचं तर पंचक्रोशीत एकच जागा, वेशीबाहेरचा भंगारवाला. हवालदाराची पद्धतही ठरलेली. जायचं, बाजेवर बसायचं, उन्हाच्या गप्पा मारायच्या, आणि उठता उठता सहज म्हणायचं, 'अमक्याची मोटर कुठं दिसली तर सांग.' बस. संध्याकाळपर्यंत मोटर जिथली तिथं येऊन पडे. तक्रार नाही, कोर्ट नाही, चोराच्या बायकापोरांची रडारड नाही. वरून कुणी याला कामचुकारपणा म्हटलं असतं, पण गाव त्यावर सुखानं चाललं होतं.

आता चूक झाली ती इथं. हे सगळं त्यानं हिरोला सांगितलंच नाही. त्यात सांगायचं काय, असं त्याला वाटलं. भंगारवाल्याच्या फाटकाशी जीप थांबल्यावर तो नुसता म्हणाला, "तू इथंच थांब. काही करू नकोस."

सिनेमात हे वाक्य आलं की थोरला पोलीस आत मार खातो, हे हिरोला पक्कं माहीत.

हवालदार बाजेवर टेकला. भंगारवाल्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला. "काय ऊन पडलंय," हवालदार म्हणाला. "तर हो," भंगारवाला म्हणाला. गाडी अगदी रुळावर होती. तेवढ्यात मागच्या भिंतीवरून पत्र्यांच्या ढिगावर धाडकन काहीतरी कोसळलं.

"हलायचं नाही! सगळ्यांनी हात वर!"

हात पहिला वर गेला तो हवालदाराचा, दचकून. तांब्या कलंडला, कुत्रं ओरडत सुटलं. हिरो पत्र्यातून धडपडत उठला, एक कोपर फुटलेलं. समोर भंगारवाल्याचा मेहुणा पोत्यावर बसून विडी ओढत होता. हिरोनं त्याला खाली पाडून बेड्या घातल्या आणि पोतं उलटं केलं. मोटर! ताईचीच, वरचा निळा रंग आणि तिनंच बांधलेली तार सांगत होती.

"काका, बघितलं? सापडली!"

"अरे गाढवा, ती सापडलेलीच होती!" हवालदार दात आवळून पुटपुटला. "आता गप बस. फोन करू नकोस."

पण हिरोनं फोटो काढून केव्हाच पाठवला होता. साहेबांचा उलट फोन आला, शाबास म्हणून. एवढ्यात अर्धं गाव जमलं. मग मागं फिरायला वाटच उरली नाही. हिरोनं वळणदार अक्षरात पंचनामा लिहिला, मोटरीला सुतळीनं चिठ्ठी बांधली, त्यावर लाखेचा शिक्का मारला, आणि मोटर चौकीत बाकाखाली जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई भाच्याची हातगाडी घेऊन आली.

"सापडली म्हणे. द्या इकडं."

दोघंही जमिनीकडं बघू लागले. शेवटी हिरो म्हणाला, "मावशी, तो मुद्देमाल आहे. कोर्टानं सोडल्याशिवाय देता येत नाही."

"मग सोडा म्हणावं कोर्टाला."

"कोर्टाला सुट्ट्या लागल्यात," हवालदार म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ऐकू येईना.

ताईनं हातगाडीचं तोंड वळवलं. मग ती म्हणाली, "चोरानं नेली होती तोवर निदान शिव्या तरी देता येत होत्या."

ती रिकामी हातगाडी ढकलत गेली. हवालदारानं टोपी बाकावर आपटली. आयुष्यभर साधलेली एक गोष्ट, एवढीशी, आणि तीही रक्ताच्या माणसाच्या कामी येऊ नये! हिरोवर ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडणार काय? पोरानं नियमाबाहेर काही केलंच नव्हतं. नियमाबाहेर होता तो हवालदार.

ताईनं दोन दिवस घागरींनी पाणी ओढलं, फूल जास्त होतं त्या पलीकडच्या अंगाला आधी. तळहात सोलून निघाले. हवालदार वर्दी काढून संध्याकाळी मदतीला जाई, पण घागरीनं रान भिजतं होय? विहिरीकडच्या निम्म्या मिरचीनं मान टाकली. तिसऱ्या दिवशी ती चौकीत आली आणि मोटरीसमोर जमिनीवर बसली.

"उठ ताई."

"नाही उठत. माझी वस्तू आहे, निदान बघू तरी द्या."

हिरोनं चष्मा काढला. डोळे लाल झाले होते. "मावशी, चोर धरल्यावर सगळं नीट होतं असंच मला वाटायचं. पुढचं कधी दाखवतच नाहीत."

हवालदारानं चिडून पंचनामा ओढला, नुसतं कुणावर तरी खेकसायचं म्हणून. वाचता वाचता त्याचं बोट थांबलं.

"'मोटर चालू स्थितीत आढळली.' हे तू कशावरून लिहिलंस रे? चालवून पाहिलीस?"

"नाही. तसं लिहितात."

"तसं लिहितात! उद्या वकिलानं विचारलं तर? न बघता लिहिलेलं म्हणजे खोटं."

हिरोचा चेहरा पडला. ताईनं मान वर केली. "मग बघा की चालवून. विहिरीशिवाय कशी बघणार?"

हवालदारानं पंचनामा बाकावर ठेवला.

"माल पोलिसांच्या नजरेखालून हलता कामा नये," हिरो हळूच म्हणाला.

"मग नजर घेऊन चला की सोबत," ताई म्हणाली. "दोघांनाही डोळे आहेत ना?"

हवालदारानं उठून चौकीचं दार लोटलं. साहेबांना कळलं तर पेन्शनवर येणार. त्यानं हिरोकडं पाहिलं. हिरोनं मोटरीची एक बाजू धरली.

"उचला काका."

मोटर विहिरीवर बसली, शिक्क्याची चिठ्ठी तशीच लोंबत. हिरोनं कापलेला पाइप जोडून नट आवळले, उलटे आवळले, शिव्या खाल्ल्या, पुन्हा आवळले. बटण दाबलं तेव्हा पाइप आधी नुसता खोकला आणि मग भडाभडा पाणी आलं.

"चालू आहे," हिरो म्हणाला.

"एवढ्यात कसं सांगता येईल?" हवालदार म्हणाला. "रान भिजेपर्यंत तरी बघावं लागेल. उद्या पुन्हा."

ताईनं दोघांच्या हातात फावडी दिली. हिरो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरला आणि पाणी वाकड्या सरीत सोडून बसला.

"अरे, तिकडं कुठं? ती वाळलेली!" हवालदार ओरडला. "जिवंत रोपांकडं वळव!"

"कसं वळवणार? पाट इथूनच जातो."

खरंच होतं. विहिरीकडची मिरची मेली होती, आणि उरलेल्या मिरचीकडं जायला दुसरी वाट नव्हती. कोरडी ढेकळं पाणी अधाशासारखी पीत होती, पाणी पुढं सरकेना. हवालदार दात खात बघत राहिला. ताई मात्र फावडं टेकून शांत उभी होती.

"पिऊ दे त्यांना," ती म्हणाली. "त्यांचं पोट भरल्याशिवाय पुढं जायचं नाही पाणी."