नानायचा पास्मा

समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी नानायनं तारा लावायचा सराव करायचा हट्ट धरला.

"उद्या सगळ्या सैन्यासमोर फजिती नको. आण इकडे, इंदाय."

नानाय म्हणजे आई, इंदाय म्हणजे पोरी. कर्नल डॉक्टर लुमिंग बादिल्येस लेकीसारखी मुकाट्यानं आईसमोर बसली. लष्कराच्या वैद्यकीय विभागात आजवर एकाही बाईच्या खांद्यावर जनरलचा तारा लागला नव्हता. उद्या तो तिला मिळणार होता. एका खांद्यावर मुख्य जनरलसाहेब लावणार, दुसऱ्यावर घरचं माणूस. लुमिंगनं लग्न केलं नव्हतं. घरचं माणूस म्हणजे लेयते बेटावरून बोटीनं आलेली नानाय, सोबत टॉवेलात गुंडाळलेला माडीचा कॅन.

लुमिंगचं लक्ष मात्र ताऱ्यात नव्हतं. पावसाळ्यापासून चिमटा धरला की तिचा उजवा हात थरथरत होता. दुसऱ्या कुणाचा असता तर तिनं तो तिथल्या तिथे तपासला असता. स्वतःचा तिनं खिशात घातला. तिच्या गुरूंचे आधी हातच थरथरायला लागले होते, मग चालणं गेलं, मग चेहऱ्यावरचं हसू. गुरुवारी कॉर्पोरल सालुदोच्या मानेतला लोखंडाचा तुकडा काढायचा होता. तो मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून बसला होता. "मीच काढीन," असा शब्द तिनं त्याच्या बायकोला दिला होता. बोललं तर तारा जाईल, न बोललं तर कदाचित सालुदो.

नानायनं तारा उचलला. मांडीवर होते तोवर तिचे हात शांत होते. खांद्यापाशी येताच थरथरू लागले, आणि टाचणी कापडाच्या जितकी जवळ, तितकी थरथर मोठी.

"पास्मा," नानाय सवयीनं म्हणाली. "दिवसभर लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची आणि तापले हात गार पाण्यात घालायचे. मग दुसरं काय होणार?"

घरात त्या थरथरीचं हेच नाव होतं, आणि गल्लीतही. कॉलेजातून डॉक्टर होऊन आल्यावरही लुमिंग ते हात कोमट मीठपाण्यात धरून बसायची, बोटं चोळून द्यायची. पण डॉक्टर म्हणून तिनं ते एकदाही पाहिले नव्हते. नाव ठरलेलं होतं, त्यामुळे प्रश्नच पडला नव्हता.

नानायनं तारा खाली ठेवून माडीचे दोन घोट घेतले. "सुईत दोरा ओवायचा तरी मला हेच लागतं. तुझी आजीही असंच करायची."

"आजीचेही हात थरथरायचे?"

"थरथरणारच. तिनंही इस्त्रीच केली."

"आजी मासे विकायची, नानाय."

नानायनं कॅनचं झाकण लावलं. "मग मासे धुऊन झाला असेल."

थोड्या वेळानं तिनं तारा पुन्हा उचलला. या वेळी टाचणी सरळ आत गेली. लुमिंग माडीनं स्थिर झालेल्या त्या बोटांकडे बघत राहिली. मग तिनं खिशातला हात काढला आणि टेबलावरचा पेला ओठांकडे नेला. मांडीपाशी हात शांत होता; गुरूंचे तर मांडीवर असतानाही थरथरत. तोंडाशी येईपर्यंत पाणी शर्टावर सांडलं.

"झाला ना तुलाही? ऑपरेशन झालं की लगेच हात धुतेस, सांगून ऐकशील तर शपथ."

दुपारी लुमिंगनं जनरलसाहेबांना सगळं सांगितलं.

"निदान?" त्यांनी विचारलं.

"आईकडून आलेला साधा कंप असावा, सर. पण स्वतःचं निदान मी करू नये."

"आणि ऑपरेशनं?"

"ती थांबली."

"सकाळपर्यंत मेंदूच्या डॉक्टरांचा अहवाल आणा. नाहीतर समारंभ पुढे जाईल. किती पुढे, ते मला विचारू नका."

तिथून ती मेजर गारायकडे गेली. तिच्या हाताखाली तयार झालेला हा सर्जन चहा पीत होता.

"सालुदोचं ऑपरेशन तू करायचंस."

"मॅम, आणि तुम्ही?"

"मी समोर उभी राहीन, हात मागे बांधून. त्याच्या बायकोला मीच सांगते."

संध्याकाळी मेंदूचे डॉक्टर तिझोन यांनी मायलेकींचं चालणं पाहिलं, मनगटं वळवून पाहिली आणि दोघींना कागदावर आतून बाहेर गोल गोल रेघ काढायला लावली.

"माझी कसली परीक्षा?" नानाय कुरकुरली. "तारा मला लागायचाय का?"

"तुमच्याशिवाय हिचं निदान पक्कं होत नाही, नानाय."

त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. दोन्ही रेघांना सारख्याच लाटा होत्या. तिझोन यांनी अहवालावर सही केली. ऑपरेशन नको, बाकी काम करायला हरकत नाही.

समारंभात जनरलसाहेबांनी आपल्या बाजूचा तारा झटकन लावला. नानाय पुढे झाली. शेजारी पाद्री बसले होते, त्यामुळे तिला माडी मागता आली नव्हती. हात थरथरू लागले. टाचणी एकदा घसरली, पुन्हा घसरली.

"टोचली?"

"नाही."

"डॉक्टर लोक सगळे खोटं बोलतात."

"नानाय, कोपर माझ्या छातीवर टेकव. घट्ट."

नानायनं कोपर टेकवलं. हात पुरता थांबला नाही, पण टाचणीपुरता थांबला.

"हा पास्मा नव्हे," लुमिंग हळूच म्हणाली. "आजीपासून आलाय आपल्याकडे."

नानायनं टाचणीच्या मागचं बटण दाबून बसवलं आणि खांदा थोपटला.

"असेल. तरी आज हात धुऊ नकोस."