शेवटचा पॅन

निमोण्याच्या भिमाजी आबांची तीस वर्षं साखर कारखान्यात पॅनवर गेली. पॅन म्हणजे पाक उकळून साखरेचा दाणा धरायचं खोलीएवढं भांडं. ते अर्ध्यात सोडलं की पाक आत दगडासारखा बसतो, म्हणून पॅनमन जागचा हलत नाही, ही आबांची मिजास. तीच त्यांनी रविराजला, म्हणजे मुलाला शिकवली. तो सुदानच्या कारखान्यात पॅनमन झाला तेव्हा पेढे वाटत आबांनी अख्खं गाव पालथं घातलं.

मग तिथं एकाच देशाच्या दोन फौजा एकमेकींच्या उरावर बसल्या. आपली माणसं बसनं बंदराकडं निघाली. रविराजची बॅग घरी आली, रविराज आला नाही. त्याला आता तिसरं वर्ष.

सून अनिता रांजणगावला कंपनीत जाते. गाडीतल्या बायका आधी रोज विचारायच्या, आता विषय टाळतात. तिचा सगळा राग बसच्या ड्रायव्हरवर. मेला जरा थांबला असता तर, म्हणून ती त्याचा उद्धार करायची आणि आबा मान डोलवायचे. एवढा जाणता माणूस, पण खुशाल मान डोलवायचे! रोज संध्याकाळी ती रविराजचा नंबर लावायची. स्पीकरवर कुणी बाई अरबीत काहीतरी सांगायची आणि फोन कटायचा.

रविवारी दौंडचा इंद्रजीत आला. त्याच बसमधून सुटलेला. इतके दिवस धीर झाला नाही म्हणाला. अनितानं ड्रायव्हरला शिव्या घातल्या, तसा तो चाचरला. ड्रायव्हर तासभर थांबला होता. रविराज बसमध्ये बसलाही होता, पण घरून फोन आला आणि पॅन रिकामा करून येतो म्हणून तो खाली उतरला. मग गोळीबार जवळ आला.

इंद्रजीत चहा न घेताच गेला.

"फोन कुणी केला व्हता, आबा?"

"म्या." आबा म्हणाले. "पॅनवर कोण हाय म्हणून इचारलं. कुणी न्हाई म्हणला. सीझनचा शेवटचा पॅन व्हता, पोरी. अर्ध्यात सोडू नगंस म्हणलो."

अनिता रडली नाही. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आबांना वाटलं. तिनं नंबर लावला आणि फोन त्यांच्यापुढं धरला.

"सांगा त्यास्नी. आता निघून या म्हणावं."

बाई अरबीत बोलू लागली. आबा फोनवर वाकले.

"रवी, पॅन ऱ्हाऊ दे. तू निघ."

फोन कटला. अनितानं पुन्हा लावला.

"परत सांगा," ती म्हणाली.